पिस्टन कुठे मोजायचा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. बोअरिंग मशीनवर बावीस वर्षं उभं राहून ज्याचा स्वभाव गोड राहिला असेल, त्याला माझ्यासमोर आणून दाखवा. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, हिच्या नाकावरच्या रागाला औषध नाही. आमचे हे अजूनही म्हणतात, फक्त मी खोलीत नसताना.

काम काय, तर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन ज्यातून वरखाली पळतो ती गोल भोकं झिजतात. त्यांना आम्ही बोअर म्हणतो. झिजून ती गोल राहत नाहीत, वरच्या अंगाला पसरतात, इंजिन तेल प्यायला लागतं आणि धूर ओकायला लागतं. मग बोअर थोडा मोठा कापून पुन्हा गोल करायचा आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. चारांपैकी एकच बोअर जास्त झिजला असला, तरी चारही त्याच मापाला न्यायचे. एकाचं पाप आणि चौघांना शिक्षा, पण इलाज नाही.

पिस्टन मोठे मागवले म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या धंद्यात वर्षभरही टिकणार नाही. एका खोक्यातले चार पिस्टन म्हणजे चार सख्खे भाऊ, लांबून सारखे दिसतात आणि जवळ गेल्यावर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून प्रत्येक पिस्टन मोजायचा, त्याच्या डोक्यावर नंबर घालायचा, आणि त्या नंबरचा बोअर त्याच्याच मापाला बेतून कापायचा. दोघांमध्ये फट ठेवायची ती केसाएवढी. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला आमच्या दुकानात पॉइंट म्हणतात. ज्या लाँचची ही गोष्ट आहे, तिच्या इंजिनाला आठ पॉइंट फट हवी होती. जास्त झाली तर पिस्टन खडखडतो. कमी झाली तर तापल्यावर फुगतो, भिंतीला चिकटतो, आणि इंजिन चालता चालता जागच्या जागी जाम होतं.

आणि पिस्टन वरपासून खालपर्यंत सारखा नसतोच मुळी. वर बारीक, खाली रुंद. खालच्या कडेपासून बोटभर वर मोजायचा, ते त्याचं खरं माप. त्याहून वर मोजलात तर आकडा कमी येणार, आणि त्या कमी आकड्याला बेतून कापलेला बोअर घट्ट होणार. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. मामंजी करंगळी पिस्टनच्या कडेवर टेकवायचे आणि तिच्या बरोबर वर मायक्रोमीटर धरायचे. पट्टी नाही, खूण नाही. पन्नास वर्षांत त्यांच्या करंगळीने कधी दगा दिला नाही. गावातले सगळे त्यांना मोठे मिस्त्री म्हणतात. मी बावीस वर्षं मशीन चालवते, पण मला कुणी छोटी मिस्त्रीसुद्धा म्हणत नाही.

दुकानाचा नियम एकच होता, तोही त्यांचाच. जो कापेल त्यानेच मोजायचं. दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर कापायचं नाही, मग तो दुसरा खुद्द बाप असला तरी. वर्षापूर्वी मामंजींचे गुडघे गेले आणि मशीनपाशी उभं राहणं सुटलं. पंधरा दिवस घरी बसले. त्या पंधरा दिवसांत माणूस निम्मा झाला. जेवायचा नाही, बोलायचा नाही, कॅलेंडरकडे बघत बसायचा. मग ह्यांनी आणि मी मिळून त्यांना दुकानात आणलं, स्टुलावर बसवलं, आणि म्हटलं, पिस्टन तुम्ही मोजा, आकडा खडूने ब्लॉकवर लिहा, त्याप्रमाणे मी कापते. त्यांचा मान राहावा म्हणून आम्ही त्यांचाच नियम मोडला. ते खूश झाले, जेवायला लागले. आम्हाला वाटलं, केवढी अक्कल लढवली आपण.

लाँचवाल्याचं नाव गावात कुणाला आठवत नाही. त्याला सगळे ‘आत्ताच’ म्हणतात, कारण त्याला प्रत्येक गोष्ट आत्ताच हवी असते. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी त्याची एकच लाँच. तिचं चार सिलिंडरचं इंजिन त्याने आणून टाकलं तेव्हा तीन नंबरचा बोअर इतका झिजला होता की, अर्धा मिलिमीटर वाढवूनही तो साफ होईना. पाऊण करावं लागलं. मामंजींनी पिस्टन मोजले, खडूने चार आकडे लिहिले, मी कापले. आमच्या ह्यांनी इंजिन जोडलं. जोडताना एक नंबरच्या फटीत फट मोजायची पोलादी पत्ती घालून बघितली, बरोबर सरकली. पुढच्या तिघांना घातली नाही. बाबांनी मोजलंय म्हटल्यावर परत काय बघायचं, असं ते म्हणाले. मीही मान हलवली.

शनिवारी इंजिन दुकानाच्या दारात अर्धा तास चालवलं. नुसतं, ओझ्याशिवाय. शिवणयंत्रासारखं चाललं. सोमवारी सकाळी लाँच पहिली फेरी करणार होती आणि हे सोबत गेले होते, इंजिनाचा आवाज ऐकायला.

सोमवारी दहाच्या सुमाराला मी मामंजींना चहा द्यायला गेले. ते एका ट्रॅक्टरचे पिस्टन मोजत होते. मी कप ठेवला आणि सहज त्यांच्या हाताकडे बघितलं. करंगळी कडेवर नव्हती. कडेच्या बरीच वर, पिस्टनच्या अंगावर टेकली होती, आणि मायक्रोमीटर तिच्याही वर. मला वाटलं, आता खाली घेतील. त्यांनी घेतली नाही. मान तिरपी करून आकडा वाचला आणि खडू उचलला.

“मामंजी, हा परत एकदा बघता?” मी म्हटलं.

“का? माझे डोळे गेले म्हणतेस?” त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं धडाधड वाचून दाखवली. “आता तू वाचून दाखव. चष्मा लाव हवं तर.”

डोळे शाबूत होते. मी कधी डोळ्यांबद्दल बोललेच नव्हते. ते चहा पिऊन मागे हात धुवायला गेले तेवढ्यात मी तो पिस्टन उचलला, करंगळी कडेवर टेकवली, मोजला. त्यांच्या आकड्यापेक्षा चार पॉइंट जास्त. दुसरा मोजला. तीन जास्त. तिसरा बरोबर आला. म्हणजे कधी बोट जागेवर पडतं, कधी नाही, आणि त्यांना कळत नाही.

आठातून चार गेले तर उरतात चार. शनिवारी दारात गार चाललेलं इंजिन आता माणसं भरलेली लाँच घेऊन प्रवाह कापत होतं. नदीच्या खालच्या अंगाला बंधारा आहे, आणि त्याची दारं त्या आठवड्यात उघडी होती. मधोमध इंजिन जाम झालं तर लाँच तिकडेच जाणार, दुसरं कुठे जाणार.

मी ह्यांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला फोन काय ऐकू येणार. मी मामंजींना म्हटलं, बाजारातून येते. ते म्हणाले, चक्री फिरव मग आधी, उघडी टाकून जाऊ नकोस. माझ्या मशीनची चक्री, म्हणजे वीज बंद करायचा गोल खटका, उघडीच होती. ती फिरवायला मी परत आत गेले, यावरूनच समजा माझं डोकं किती ठिकाणावर होतं.

स्कूटर धक्क्यावर पोचली तेव्हा लाँच निघून दहा मिनिटं झाली होती. तिकिटाच्या खिडकीत आत्ताचची बायको बसली होती. “किती माणसं आहेत?” मी विचारलं. “भरली आहे,” ती म्हणाली, “आठवडाभर बंद होती ना, सगळे एकदम आले. तुमचं कौतुक चाललंय हो. आवाज किती गोड आहे म्हणतात.” मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

मी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. लाँच निम्म्याच्या अलीकडे होती. वारा इकडून तिकडे होता, त्यामुळे इंजिनाचा आवाज मधूनच यायचा आणि मधूनच तुटायचा. प्रत्येक वेळी तुटला की, मला वाटायचं, संपलं. मग परत यायचा. मी बावीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकतेय, पण त्या दिवशी मला चांगला आवाज कुठला आणि वाईट कुठला हेच ओळखता येईना. मी फोन लावत होते आणि तो वाजत होता. हात इतके घामेजले होते की, दोनदा चुकून माझ्या नणंदेला लागला. तिने दोन्ही वेळा उचलला आणि दोन्ही वेळा जेवायला कधी येतेस विचारलं.

घट्ट पिस्टन कसा धरतो ते मला माहीत आहे. आधी आवाज जड होतो. धूर काळा होतो. इंजिन दमल्यासारखं करतं. तेव्हा वेग कमी केला तर वाचतं. पण चालवणाऱ्याला वाटतं, ताकद कमी पडतेय, आणि तो आणखी दाबतो. आत्ताचला तर दाबण्यापलीकडे काही येतच नाही. हे शेजारी असतील, पण ह्यांना काय माहीत? ह्यांना वाटत असणार, सगळं बाबांनी मोजलंय.

लाँच मधोमध आली आणि तिचा धूर काळा झाला. मला तो स्पष्ट दिसला. मी मोठ्याने काहीतरी ओरडले असणार, कारण मागून आत्ताचची बायको धावत आली. “काय झालं हो?” मी लाँचकडे बोट दाखवलं. माझा नवरा त्या लाँचवर होता, तिचाही होता, आणि आणखी तीस-चाळीस माणसं. मी त्या क्षणी चाळिसांचा विचार केला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी एकाचाच केला. ती लाँच जरा तिरकी झाली, बंधाऱ्याच्या अंगाला थोडी ओढली गेली. मी धक्क्यावर बसले.

मग धूर कमी झाला. लाँच हळू झाली, पण चालत होती. पुढची सात-आठ मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. लाँच पलीकडे टेकली, माणसं उतरताना दिसली, आणि माझा फोन वाजला.

“अगं, सतरा फोन? काय झालं, बाबांना काही...?”

“इंजिन बंद करा,” मी म्हटलं. “परत चालू करू नका. काही झालं तरी करू नका.”

“केलंय बंद. मध्ये जरा जड झालं होतं, मी आत्ताचचा हात धरून वेग कमी करायला लावला. नवीन आहे, होतं असं. पण का?”

मागून आत्ताचचा आवाज आला, “काय म्हणतायत वहिनी? जोरात लावा की, आम्हालाही ऐकू दे.” ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला असणार, कारण एकदम सगळा काठ ऐकू यायला लागला. माणसं, सामान, कुणाची तरी कोंबडी.

“का, सांग ना,” हे म्हणाले.

इकडे आड तिकडे विहीर. त्या काठावर पन्नास माणसं कान टवकारून उभी होती, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली असती. मोठ्या मिस्त्रींना आता पिस्टन मोजता येत नाही. कॅलेंडरकडे बघत बसलेला तो माणूस मला आठवला.

“मी चुकले,” मी म्हटलं. “बोअर कमी कापला गेलाय. माझ्या हातून.”

आत्ताच बोलत सुटला. बायकांच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं, आणि मी आधीच म्हणालो होतो, आणि आता माझी आजची फेरी, आत्ताच्या आत्ता काय ते करा. एरवी मी त्याला असं सुनावलं असतं की, पुन्हा नदीच्या या काठाला आला नसता. त्या दिवशी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

मासेमारीच्या एका बोटीने लाँच ओढून आणली. ह्यांनी धक्क्यावरच हेड काढलं, बाजूची झाकणं काढली, आणि दोन वाजेपर्यंत चारही पिस्टन वर ढकलून बाहेर काढले. तीन नंबरच्या अंगावर उभे ओरखडे होते, नखाला लागतील असे. आणखी एक फेरी झाली असती तर तो धरलाच असता. हे तिकडे आत्ताचशी हुज्जत घालत असताना मी एकटीने सगळं मोजलं. बोअर खडूच्या आकड्याप्रमाणे अगदी बरोबर होते. पिस्टन चुकीचे मोजलेले होते. एक नंबर बरोबर. दोन, तीन, चार, तिघेही तीन ते चार पॉइंटनी जास्त. कागदावर आकडे लिहिले, घडी घातली आणि कुणाला न दाखवता पर्समध्ये टाकली.

दुकानात परतलो तेव्हा पावणेतीन झाले होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. आत्ताच ना तो, त्याने मामंजींना आत्ताच फोन करायला हवाच होता.

मामंजी स्टुलावर ताठ बसले होते. “ये,” ते म्हणाले. “मी आकडा लिहून दिला होता का?”

“हो.”

“मोठ्या अक्षरात?”

“हो, मामंजी.”

“मग? वाचता आलं नाही?” त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “माणसं होती त्या लाँचवर. माझा मुलगा होता. बावीस वर्षं शिकवलं मी तुला. स्वतःच्या मुलाला शिकवलं नाही एवढं. आणि तू लिहून दिलेला आकडा कापू शकत नाहीस?”

मी खाली मान घालून ऐकलं. खरं सांगते, मला राग आला नाही. वाटलं, बोलू दे. बोलण्यात त्यांची जुनी धार होती, आणि इतक्या दिवसांनी ते स्टुलावर बसलेला पाहुणा वाटत नव्हते, मालक वाटत होते. हे मध्ये पडायला गेले, “बाबा, होतं एखाद्या वेळी,” तर त्यांना हाताने गप्प केलं. एवढी बोलणी खाऊन त्यांचा मान वाचला तर स्वस्तच पडलं, असं मी मनात म्हटलं.

मग ते म्हणाले, “नवीन पिस्टनचं खोकं आण. आणि माझा मायक्रोमीटर. यापुढे पिस्टनही मी मोजणार आणि तू कापल्यावर बोअरही मीच तपासणार. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय या दुकानातून एक ब्लॉक बाहेर जाणार नाही.”

ह्यांनी खोकं आणून समोर ठेवलं. मामंजींनी पहिला पिस्टन काढला, फडक्याने पुसला, हातात धरला. करंगळी टेकवली. कडेच्या वर, चांगली दोन बोटं वर.

मी खोटं बोलून त्यांचा मान वाचवला नव्हता. मी त्यांच्या हातात आणखी काम दिलं होतं.

“मामंजी,” मी म्हटलं, “तुम्ही वर धरलाय.”

“काय?”

“पिस्टन. तुम्ही वर मोजताय. लाँचचेही वरच मोजलेत. बोअर बरोबर होते, मी काही कमी कापलं नाही. खोटं बोलले मी फोनवर.” मी पर्समधून कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

हे माझ्याकडे बघत राहिले. मामंजींनी कागदाकडे बघितलंच नाही. त्यांनी पिस्टनकडे बघितलं, स्वतःच्या करंगळीकडे बघितलं. चांगले डोळे होते त्यांचे, त्यांना लगेच दिसलं असणार. आजवर त्यांनी तिकडे बघितलंच नव्हतं, कारण बोट कुठे आहे ते बघायची त्यांना पन्नास वर्षांत कधी गरजच पडली नव्हती. ते हळूहळू करंगळी खाली सरकवू लागले. कड आली, बोट कडेवरून खाली घसरलं, हवेत गेलं, तरी ते सरकवतच होते.

“कळत नाही,” ते म्हणाले. “दोन महिने झाले. आधी मुंग्या यायच्या, आता तेवढंही नाही. साखरेमुळे असेल. वाटलं, जाईल. मायक्रोमीटर वाचता येतो ना, मग बोटांचं काय.” त्यांनी पिस्टन खाली ठेवला. “तुम्ही घरी बसवलं असतं.”

“नसतं बसवलं,” हे म्हणाले, आणि हे खरं होतं की नाही, ते आम्हा तिघांनाही नक्की माहीत नव्हतं.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, ह्यांचा आणि सगळ्यात जास्त माझा. मी कागदाची घडी करायला लागले. झालं, कळलं, आता पिस्टन मी मोजेन, तीन बोअर तीन-चार पॉइंटनी मोठे करीन, तीन नंबरला नवा पिस्टन घालू, लाँच परवा पाण्यात. माझ्या डोक्यात सकाळपासून फक्त लाँच होती.

मामंजी मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. “दोन महिने,” ते म्हणाले. “दूधवाल्याचा टेम्पो. दगडखाणीचा कॉम्प्रेसर. वीटभट्टीवाल्याचा ट्रक, पण त्याचे तू स्वतः मोजले होतेस, मी त्या दिवशी डॉक्टरकडे होतो. तो सोडून दे. मग भाजीवाल्या भावांची गाडी.” त्यांनी पुढचं बोट मुडपलं. “आणि शाळेची बस.”

आम्ही तिघांनी एकदमच घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. शाळा साडेतीनला सुटते, आणि बसच्या रस्त्यावर टेकडीचा चढ आहे. त्या इंजिनाने आजवर तग धरला होता म्हणजे आजही धरेल, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. पत्ती घातली होती का, मी ह्यांना विचारलं. त्यांनी मान हलवली. एक नंबरलाच.

सकाळी दहापासून मला हे माहीत होतं. पाच तास. त्यातलं एकही मिनिट मी त्या बसचा विचार केला नव्हता, कारण मी म्हाताऱ्याचा मान सांभाळत बसले होते.

मी फोन काढला. “मी सांगते ड्रायव्हरला,” मी म्हटलं. “सांगते, तपासणीसाठी हवी आहे. कारण काही...”

“दे इकडे,” मामंजी म्हणाले. त्यांनी नंबर दाबायचा प्रयत्न केला, दोनदा चुकला. बोट काचेवर कुठे पडतंय ते त्यांना कळत नव्हतं. मग फोन माझ्याकडे परत केला. “लाव. बोलतो मी.”

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून ड्रायव्हरचा आवाज मला ऐकू येत होता. काय मोठे मिस्त्री, आज कशी आठवण काढली, गाडी एकदम झकास चाललीय, निघालोच होतो मुलांना आणायला.

“निघू नकोस,” मामंजी म्हणाले. “गाडी जागची हलवू नकोस. मुलांना दुसऱ्या कशानेही ने. पिस्टन चुकीचे मोजलेत.”

ड्रायव्हर हसला. “तुमच्या दुकानात? वहिनींचा काही घोळ झालाय का? सकाळी लाँचचंही ऐकलं.”

“तिचा नाही. लाँचचेही मीच मोजले होते. माझ्या बोटांना आता कळत नाही. हे तू लोकांना सांगितलंस तरी चालेल, पण आधी किल्ली काढ. काढलीस? हातात आहे? बरं.”

त्यांनी डोळे मिटले, परत उघडले, आणि फोनकडे न बघता म्हणाले, “दूधवाला संध्याकाळी निघतो. त्याला लाव.”